मनोऱ्यावरचा तांब्याचा गोळा

डोब्रोवीनचा वाडा-किल्ला, ११ मार्च १९५२

प्रिय व्हेंडा,

आधी हे सांगतो की हे पत्र मी पोस्टात टाकलेलं नाही. बस चालवणारा मातेय तुझ्या दारात आणून देईल. तू उत्तर लिहिलंस तर तेही त्याच्याच हाती दे. वाचून झालं की चुलीत घाल.

तब्येत ठीक आहे म्हणायची. हिवाळ्यात उत्तरेकडच्या बाजूचं छत दोनदा गळलं. शनिवारी ट्रॅक्टर कारखान्याची साठ माणसं आली होती. सगळ्यांना बुटांवर नमद्याच्या सपाता चढवायला लावल्या, तर त्यांनी लंबगोल दिवाणखान्यात घसरगुंडी सुरू केली. दोनशे वर्षांची लाकडी जमीन, आणि हे लोक तिच्यावर बर्फावर खेळावं तसे. मी ओरडलो, तर त्यांचा पुढारी म्हणतो, "आजोबा, आता हे सगळं आमचंच आहे." असेल बाबा तुझं, पण घसरू नकोस ना. शिवाय मी सांगायची माहितीही आता जिल्ह्याहून छापून येते. त्यात इटालियन गवंड्याचं नाव गाळलंय. पूर्वेच्या भिंतीतल्या सात खिडक्या खोट्या आहेत, नुसत्या रंगवलेल्या, कारण पश्चिमेला सात आहेत आणि त्या काळच्या बांधणाऱ्यांना दोन्ही बाजू सारख्या दिसल्याशिवाय झोप येत नसे, हे मी तीस वर्षं सांगत आलो. तेही गाळलंय. आता म्हणायचं, शोषक वर्गाचा खोटेपणा.

असो. खरं काम वेगळंच आहे. जिल्ह्याचा हुकूम आलाय. मनोऱ्यावरचा क्रूस उतरवायचा आणि नऊ मेच्या आत तिथं लाल तारा बसवायचा. क्रूस ज्या तांब्याच्या गोळ्यावर उभा आहे, तो गोळाही खाली येणार, आणि आतली कागदपत्रं समितीसमोर उघडून वाचणार. काम तुलाच दिलंय असं कळलं. जिल्ह्यात तुझ्याइतका उंचावर चढणारा पत्र्याचा कारागीर दुसरा आहे कोण?

व्हेंडा, अठ्ठेचाळीसच्या ऑक्टोबरात आपण गोळा दुरुस्त करून परत बसवला, तेव्हा गावाच्या कागदांची पेटी आत ठेवली होती. तिच्याशेजारी मी एक शिशाची नळी ठेवायला दिली होती. वाड्याचे नकाशे आहेत म्हणालो होतो. ती नळी समितीच्या हाती पडता कामा नये. पडली तर मी संपलो, हे शब्दशः घे. ती आधी काढ आणि मला आणून दे. उघडू नकोस. मावशीची शपथ घालतो.

तुझा,
पोल्दा

———

ओल्शानी, १६ मार्च

पोल्दा,

तू आणि तुझ्या शपथा. माझ्या आईला मध्ये कशाला आणतोस, ती बिचारी मातीत सुखात आहे.

काम मलाच दिलंय, खरं आहे. आमच्या बोहदानानंच दिलं. जिल्हा समितीचा सचिव आहे तो, माहीत असेलच. सत्ताविसाव्या वर्षी त्याला टेबल आहे, टेलिफोन आहे, आणि बापाला मनोऱ्यावर चढवायची सत्ता आहे. जेवताना म्हणाला, "बाबा, तुमच्याशिवाय हे कोणाला जमणार नाही." मी म्हटलं गुडघा दुखतो. तर म्हणे ताऱ्याला दिवे लागणार आहेत, वीस गावांतून दिसेल. दिसू दे. मला काय, क्रूस काय नि तारा काय, दोन्हींना खालून बोल्ट लागतात.

पण तुझी नळी मला पचत नाही. नकाशे समितीनं बघितले तर तू संपतोस? मला काय खुळा समजतोस? वाड्याच्या जुन्या मालकाच्या, काउंटाच्या चांदीची यादी आहे ना ती? की काउंटिणीनं तुला प्रेमपत्रं लिहिली होती? तुझ्यासारख्या वाळक्या काठीला कोण लिहील म्हणा.

हे बघ. त्या गोळ्याच्या आत, तांब्यावर, माझ्या पणजोबांनी टोच्यानं नाव कोरलंय. त्याखाली आजोबांचं, त्याखाली माझं. जो कोणी गोळा उघडतो तो आत ठेवलेलं वाचतो, त्यात आपल्या काळाचं घालतो आणि पुन्हा शिशाचा डाग देऊन, झाळून बंद करतो. आमच्यात हे असंच चालत आलंय. आतलं चोरायची रीत आमच्यात नाही. चोरायला लावतोस तर कशासाठी, ते तरी सांग. नाही सांगितलंस तर सगळ्यांसमोर पेटीबरोबर नळीही टेबलावर ठेवीन.

व्हेंडा

———

डोब्रोवीन, २४ मार्च

व्हेंडा,

चांदी नाही. चांदी असती तर किती बरं झालं असतं.

माळी आन्तोन विंक्लर तुला आठवतो. चाळीस वर्षं इथं बाग केली. त्याची बायको रोझिना तुला खसखशीच्या पोळ्या बांधून द्यायची. जर्मन बोलणारी माणसं, पण कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात. पंचेचाळीसच्या मे महिन्यात, लढाई संपल्यावर चौथ्या दिवशी, ती दोघं गेली. गावात सगळे म्हणतात की इतर जर्मनांबरोबर चालत सरहद्दीकडे गेली. तूही तेच म्हणतोस. ती कुठंही गेली नाहीत. बागेच्या टोकाला संत्र्यांचं काचघर आहे ना, त्याच्या भिंतीशी उभं करून त्यांना गोळ्या घातल्या. नळीत हे लिहिलेलं आहे. नावं लिहिलेली नाहीत. बाहेरून आलेले लोक होते, मला कुठून माहीत असणार.

का लिहिलं म्हणून विचारशील. अरे, मी सकाळ-संध्याकाळ लोकांना हा वाडा दाखवतो. सतराशे एकोणचाळीसात कळस चढला, अमक्या साली आग लागली, तमक्या साली स्वीडिश तोफेचा गोळा सापडला. एवढं सगळं माहीत असलेल्या माणसाला एक गोष्ट माहीत आहे आणि ती सांगता येत नाही, हे पोटात राहीना. गोळा शंभर वर्षांनी उघडेल, तेव्हा आपण कोणी नसू, असा हिशोब केला. साडेतीन वर्षांत तारा बसवायची लहर येईल हे कोणाच्या डोक्यात होतं?

त्यांची नात, सहा वर्षांची त्रूडी, तेव्हा इथंच होती. मुलीला आजी-आजोबांकडे ठेवून तिची आई इल्झे लिंत्सच्या इस्पितळात नर्सचं काम करत होती. त्रूडीला मी वाचवलं. दिवाणखान्याच्या भिंतीत कागद चिकटवलेलं लपलेलं दार आहे, नोकरांच्या जिन्याचं. माझ्या या हातांनी तिला त्यातून ढकललं आणि म्हटलं, पळ, बागेतून तळ्याकडे आणि मग रानात. पोर चपळ होती. कोणीतरी नेली असणार, कुठंतरी मोठी होतेय. इल्झेला मी शेहेचाळीसात तेवढंच कळवलं. आईवडील सरहद्दीकडे गेले आणि त्रूडी सुटली. तेव्हापासून ती प्रत्येक नाताळला पत्र पाठवते. मुलीचा जुना फोटो अनाथाश्रमांना, मठांना, रेड क्रॉसला पाठवत असते.

हे समितीनं वाचलं तर मला पंधरा वर्षं. माझं वय एकसष्ट. आता तरी नळी काढून दे, आणि उघडू नकोस.

पोल्दा

———

ओल्शानी, १८ एप्रिल

पोल्दा,

बुधवारी परांचीवरून वर गेलो. वारा एवढा की टोपी गेली. मदतनिसांना खाली ठेवलं आणि सांगितलं की गोळ्यात पाणी साचलं असेल, आधी भोक पाडून काढायला लागेल. त्यांना काय कळतंय. मागची झाळ कापली, हात आत घातला, नळी काढून सदऱ्यात टाकली आणि भोक बुजवलं. आज समितीनं गोळा उघडला. गावाची पेटी, अठ्ठेचाळीसची वर्तमानपत्रं, गव्हाची लोंबी आणि माजी सरपंचाचं लांबलचक भाषण निघालं. सगळे जांभया देत होते. तेव्हा तुझी मान वाचली. आता पुढचं ऐक.

मी नळी उघडली.

"नावं लिहिलेली नाहीत." असं लिहिलं होतंस ना मला? तीन नावं आहेत. गिरणीवाल्यांचा रूदा. स्टेशनमास्तरांचा ओल्द्र्झिख. आणि पहिलं नाव बोहदान. माझा बोहदान. बापाचं नाव, घर, वय वीस, सगळं तुझ्या त्या शाळामास्तरी अक्षरात, एक काना इकडचा तिकडे नाही.

मी सात वर्षं काय म्हणत होतो की पोरगा युद्धातून बदलून आला, बोलत नाही, त्यानं लग्न केलं नाही, कामाला जुंपून घेतलंय. त्याची आई मरेपर्यंत विचारत होती की याला झालंय तरी काय. तुला माहीत होतं. आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून तू तिला सांगितलंस की वय आहे, होईल ठीक.

आणि ते माझ्याच हातून झाळून घेतलंस. हे मला सहन होत नाही, पोल्दा. माझ्या मुलाचं नाव मी स्वतः वर चढवलं, माझ्या आजोबांच्या नावाशेजारी ठेवलं आणि स्वतः बंद केलं. मग खाली येऊन तुझ्याकडचं जिऱ्याचं सूप प्यालो, आणि तू म्हणालास, झाळ छान झालीय. निर्लज्जा.

आणखी एक. कागद मी चार वेळा वाचला. त्यात लिहिलंय की विंक्लर नवरा-बायको वाड्यातल्या प्रार्थनाघराच्या माळ्यावर लपली होती आणि बाहेरून कुलूप होतं. मग तीन पोरं आत शिरली कशी? दार फोडलं असं लिहिलेलं नाही. तुझं सगळं लिहिणं असं काटेकोर की गवंड्याच्या चुन्याचं मापसुद्धा सुटत नाही, आणि एवढी गोष्ट सुटली? किल्ल्या कोणाच्या कमरेला असतात रे त्या वाड्यात?

नळी माझ्याकडे आहे. तुला आणून देणार नाही.

व्हेंडा

———

डोब्रोवीन, २१ एप्रिल

व्हेंडा,

दार मी उघडलं.

ते तिघं दंडाला पट्ट्या बांधून आले, रायफली होत्या, तोंडाला दारूचा वास. बोहदान पुढं होता. म्हणाला, "काका, किल्ली द्या." मी देत नाही म्हणालो असतो तर काय झालं असतं, हे मी सात वर्षं स्वतःला विचारतोय. कदाचित मला मारलं असतं. कदाचित काही केलं नसतं, लहानपणी मीच त्याला खांद्यावर घेऊन मनोरा दाखवायचो. मी किल्ली दिलीसुद्धा नाही, स्वतः पुढं जाऊन उघडून दिलं. माझ्या हातांना ती सवय आहे. कोणी आलं की दार उघडायचं आणि बाजूला उभं राहायचं. मला वाटलं, शाळेत कोंडतील, चौकशी करतील, सरहद्दीकडे हाकलतील. खरंच तसं वाटलं, की तसं वाटून घेतलं, ते आता मलाही सांगता येत नाही.

रोझिना जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, "लेओपोल्ड, चुलीवर दूध आहे, उतू जाईल." एवढंच.

मी दिवाणखान्यात परत आलो, तिथं माझ्याजवळ ठेवलेल्या पोरीला त्या लपलेल्या दारातून ढकललं, आणि मग खिडक्यांच्या झडपा एकेक करून लावून घेतल्या. बागेकडच्या सगळ्या. काही दिसू नये म्हणून. आवाज तर आलाच.

तुझ्या बायकोपाशी मी खोटं बोललो. तुझ्याशीही. बोहदानाचं नाव पहिलं लिहिलं आणि माझं लिहिलंच नाही, यावरून मी कसा माणूस आहे ते तुला कळलंच आहे. तुझ्या हातून झाळून घेतलं, कारण तुझ्या झाळीतून पाणी जात नाही. तुला दुखावायचं मनात नव्हतं. तू त्याचा बाप आहेस, हा विचार माझ्या मनात आला होता आणि मी तो बाजूला सारला, हे मात्र खरं आहे.

नळी जाळ, नाहीतर जिल्ह्याला दे. मी काही मागत नाही. एवढंच लक्षात ठेव की त्या दिवशी माझ्या हातून एक पोर तरी वाचलं. त्याच्यावर मी जगतोय.

पोल्दा

———

ओल्शानी, ४ मे

पोल्दा,

तुझं पत्र आल्यावर दहा-बारा दिवस मी कामातच होतो. तारा तयार केला, पत्रा कापला, दिव्यांची भोकं पाडली. आज रविवारी दुपारी बोहदान जेवायला आला. मी डुकराचं मांस आणि कोबी केला होता. जेवण झाल्यावर कागद त्याच्यापुढे ठेवला.

तो वाचत असताना मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. मला वाटत होतं, तो कागद फाडेल. किंवा म्हणेल, काका म्हातारा झालाय, सगळं रचलंय. मी तेवढ्यावर विश्वास ठेवायला तयार होतो, खोटं कशाला बोलू. त्यानं शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली, उठून नळाखाली हात धुतले आणि परत येऊन बसला.

म्हणाला, "काकांनी दोन लिहिलेत."

मी म्हटलं, मग किती?

म्हणाला, "तीन."

पोल्दा, मी आता सांगतो ते बसून वाच. तो लपलेला जिना खाली कुठं निघतो, हे मला सांगायची गरज नाही, तू रोज सांगतोस. तळमजल्याच्या शिंपल्यांच्या दालनात निघतो आणि दालनाचं दार बागेत उघडतं. त्या उंबऱ्यावर उभं राहिलं की सरळ रेषेत कारंजं, त्यापुढं वाट, आणि वाटेच्या टोकाला काचघर दिसतं. मध्ये एक झाड नाही, झुडपंसुद्धा गुडघ्याएवढी कापलेली. मालकाला दारातून शेवटापर्यंत सगळं दिसावं म्हणून तुझ्या इटालियनानं ते तसं बांधलं. ते सांगताना तू एवढा खुलतोस की एकदा मलाही तिथं उभं करून दाखवलं होतंस. पोर दारातून बाहेर आली आणि तिला समोर आजी दिसली. तळ्याकडे कशाला जाईल? सहा वर्षांचं लेकरू ते. ती वाटेनं सरळ पळत आली. बोहदान म्हणतो, हाक मारत आली, आणि येऊन आजीचा एप्रन धरला.

तो म्हणतो, थांबा असं त्यानं म्हटलं. दुसऱ्या कोणीतरी बंदूक खाली घेतली नाही. कोणी, ते त्यानं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मी बाप आहे, मला ते विचारता येत नाही. तूही विचारू नकोस.

तू झडपा लावल्या नसत्यास तर तुला दिसली असती. वरच्या खिडकीतूनही तीच वाट दिसते. हाक मारायला वेळ मिळाला असता की नाही, कोण जाणे. हे मी तुला टोचायला लिहीत नाही. लिहावं लागतंय म्हणून लिहितोय.

तिघंही काचघराच्या मागं, खताच्या खड्ड्यापलीकडे आहेत. रूदा दोन वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून पडून गेला, ओल्द्र्झिख खाणीत आहे, तेव्हा जागा सांगणारा बोहदान एकटाच उरला. जाताना त्यानं कोट घातला आणि विचारलं, "बाबा, तारा बुधवारी बसतोय ना?" मी हो म्हटलं. कागदाचं काय करणार, असं तो म्हणाला नाही. त्याला बहुतेक कशानंच काही वाटत नाही आता. मला रडू आलं, पण तो गेल्यावर.

आता माझं ऐक. गोळा बुधवारी सकाळी मी बंद करणार. समितीनं आपली पेटी घातलीय, वर बघायला कोणी चढत नाही. तुझा जुना कागद चुकीचा आहे. चुकीचा कागद मी झाळणार नाही, आमच्यात ते चालत नाही. तू नवा लिही. तीन लिही. दार कोणी उघडलं ते लिही. बोहदानाचं नाव आहे तसं राहू दे, पहिलं नको, पण राहू दे. मंगळवारी संध्याकाळच्या बसनं मातेयकडे दे. अक्षर तुझं चांगलं आहे, म्हणून तूच लिही.

आणि लिंत्समधल्या त्या बाईचं काय करायचं, ते तुझं तू बघ. त्यात मी तुला काही सांगू शकत नाही.

व्हेंडा

———

डोब्रोवीन, ८ मे १९५२

श्रीमती इल्झे विंक्लर, लिंत्स

प्रिय इल्झे,

हे पत्र मी पोस्टानं पाठवतोय. पाकिटाच्या मागं माझं पूर्ण नाव आणि पत्ता घातलाय. तुझ्याआधी दुसरे कोणी उघडून वाचतील. वाचू दे. त्यांनी पुढं जाऊ दिलं नाही तर असं दुसरं पत्र व्हिएन्नाला माल नेणाऱ्या माणसाबरोबर येईल, त्याच्याकडे दिलंय. दोन्हींतलं एक तरी तुला मिळावं. तुझ्या भाषेत लिहायची सवय गेलीय, चुका समजून घे.

शेहेचाळीसात मी तुला जे लिहिलं ते खरं नव्हतं. तुझे आईवडील सरहद्दीकडे गेले नाहीत. बारा मेला दुपारी काचघराच्या भिंतीशी त्यांना गोळ्या घातल्या. ज्या माळ्यावर ते लपले होते त्याचं कुलूप मी माझ्या हातानं उघडून दिलं. मला कोणी मारलं नव्हतं, धमकावलंही नव्हतं. किल्ली मागितली आणि मी उघडलं.

त्रूडीला मी नोकरांच्या जिन्यानं खाली पाठवलं होतं, हे खरं आहे. ती सुटली, हे मी बघितलेलं नव्हतं. मी खिडक्या लावून घेतल्या होत्या. ती सुटली असेल असं मला वाटलं, मग मला ते हवंहवंसं झालं, आणि मग मी तुला ते खात्रीनं कळवलं. चार दिवसांपूर्वी मला खरं समजलं, तिथं असलेल्या माणसाकडून. ती बागेतून पळत आजीकडे गेली. तिनं आजीचा एप्रन धरला होता. त्याच दिवशी, त्याच वेळी, तिघंही. ती कुठल्याही अनाथाश्रमात नाही, कुठल्याही मठात नाही. काचघराच्या मागं, खताच्या खड्ड्याच्या पूर्वेला आठ पावलांवर आहे. कधी तुला इकडे येता आलं आणि मी नसलो, तर हे पत्र दाखवून जागा उकरायला लाव. मी तिथं काही लावलेलं नाही. तुझ्या वडिलांच्या बागेत काय लावावं ते तूच सांगशील.

काल मनोऱ्यावरचा गोळा बंद झाला. त्यात हे सगळं लिहून ठेवलंय, नावांसकट, माझं पहिलं. तो पुढच्या कोणाच्या तरी काळात उघडेल. पण तुला तेवढं थांबवणं मला जमेना.

गेल्या नाताळात तू विचारलं होतंस की पोर आता तेरा वर्षांची होईल, तर जुन्या फोटोवरून लोक ओळखतील का, की चित्रकाराकडून मोठी झालेली काढून घ्यावी. मी उत्तर दिलं नव्हतं. काढून घेऊ नकोस. यंदा कोणालाही फोटो पाठवू नकोस.

लेओपोल्ड झेयदा
वाड्याचा राखणदार, डोब्रोवीन